चाल लावली, पण वचन पाठ झालं का?

मुलांकडून बायबलची वचनं पाठ कशी करून घ्यायची यावर मागच्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला आणि त्यातली जवळपास सगळी गाण्यांबद्दलच निघाली. चाल कशी लावायची, कुठली घ्यायची, चालेल का, शोभेल का. सारखे प्रश्न एकत्र केलेत, मोठी पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी संडे स्कूलमध्ये सहा ते नऊ वयाची मुलं घेते. दर रविवारी नवीन सुवर्णवचन (त्या आठवड्यात पाठ करायचं वचन) असतं आणि मी दर वेळी त्याला नवीन चाल लावते, मला आवड आहे, क्वायरमध्येही गाते. वर्गात मुलं मस्त गातात पण पुढच्या रविवारी विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात, काहींना चाल आठवते शब्द नाही, काहींना दोन्ही नाही. मग गाण्याने पाठ होतं हे सगळं खोटंच का?

उत्तर : खोटं नाही हो, अर्धवट खरं आहे. तुमच्या पत्रात "दर वेळी नवीन चाल" असं आहे ना, तिथेच गाडी अडलीये.

वँडा वॉलेस नावाच्या संशोधिकेने 1994 मध्ये यावर प्रयोग छापले होते. लोकांना एकच मजकूर कधी नुसता बोलून ऐकवला, कधी गाऊन. गाऊन ऐकलेला जास्त लक्षात राहिला, पण कधी, तर चाल कडव्यामागून कडवं तीच परत आली तेव्हा. एकच कडवं नव्या चालीत ऐकवलं तर गाण्याचा काही फायदा दिसला नाही, उलट साधं बोलून ऐकलेलंच बरं राहिलं. हे प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होते, तुमच्या सहा वर्षांच्या मुलांवर नाही, हे धरूनच वाचा. पण कारण ऐकलंत तर पटेल. चाल एकदा डोक्यात बसली की ती शब्दांना जागा दाखवते, इथे तीन अक्षरं हवीत, इथे ओळ संपते, इथे जोर येतो, म्हणजे शब्द विसरला तरी त्याच्या आकाराचं भोक शिल्लक राहतं आणि त्यात दुसरा शब्द बसत नाही. पण ही सगळी मदत चाल आधीच पाठ असेल तर. चालही नवी, शब्दही नवे, वेळ पंधरा मिनिटं, म्हणजे मुलाला एकाच्या जागी दोन गोष्टी शिकायच्या आहेत आणि त्यातली चाल जास्त गोड असल्यामुळे तीच जिंकते.

तर पहिलं काम, नवीन चाली बंद. महिनाभर एकच चाल, साधी, आणि त्या महिन्याची सगळी वचनं त्यातच. तुम्हाला कंटाळा येईल, मुलांना नाही येणार, मुलांना तेच तेच आवडतं हे कुठल्याही आईला विचारा.

दुसरं म्हणजे निवड. काही उतारे आधीच गाण्यासारखे रचलेले आहेत, तिथून सुरुवात करा. मत्तय 5 मधली धन्यवचनं घ्या, 3 ते 10 ही आठ वचनं एकाच साच्यातली, आधी कोण धन्य, मग "कारण" आणि मग का. चालीचे दोनच तुकडे लागतात आणि ते आठ वेळा फिरतात. वर पहिल्या आणि आठव्याचा शेवट सारखाच, स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे, त्यामुळे संपलं कुठे हेही मुलांना सांगावं लागत नाही. किंवा स्तोत्र 136, 26 वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे". अर्धी ओळ तुम्ही गा, ही अर्धी मुलं गातील, वाचता न येणारंही मूल पहिल्याच दिवशी निम्मं स्तोत्र म्हणून बसतं. (यात थोडी फसवणूक आहे, पण पोराचा चेहरा असा फुलतो की माफ.)

प्रश्न : मला पेटी थोडीफार येते, स्वतः चाल कधी लावली नाही. वचन हे गद्य असतं, यमक नाही, मात्रा नाहीत, एक ओळ केवढी तर दुसरी केवढी. मुलगी सात वर्षांची आहे. कुठून सुरू करू? एखादं वचन घेऊन सांगाल का?

उत्तर : गद्याची भीती सगळ्यांनाच वाटते आणि म्हणूनच लोक शब्द कापायला लागतात. ते करू नका, चाल लवचिक ठेवा. यावर उपाय फार जुना आहे. लॅटिन उपासनेत दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठ ठरलेल्या चालींवर गायची (शिवाय एक जादाची होती), आणि स्तोत्रातल्या ओळी तर लांबआखूडच. युक्ती अशी की एक सूर धरायचा आणि त्याच सुरावर बोलल्यासारखे शब्द म्हणत जायचे, पाच असोत की पंधरा, आणि वाक्य अर्ध्यावर आलं की एक छोटं वळण, पूर्ण झालं की दुसरं वळण घेऊन खाली. झालं. धरलेला सूर लांबवता येतो, आखडता येतो, शब्दाला हात लावावा लागत नाही.

आता आधी पेटी बंद ठेवून वचन मोठ्याने वाचा, चार-पाच वेळा, एखाद्याला सांगतोय असं. आपोआप कुठे थांबता, कुठल्या शब्दावर दाब येतो, तिथे पेन्सिलीने खूण. याला लोक वेळ देत नाहीत आणि मग चालीत "विश्वास" एका ओळीत आणि "ठेवतो" दुसऱ्या ओळीत जातं, मूल ते तसंच तोडून आयुष्यभर म्हणतं. श्वास अर्थाच्या तुकड्यावर घ्यायचा, आणि सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, महत्त्वाच्या शब्दावर यायला हवी, "आणि"वर नाही, "की"वर तर अजिबात नाही. दीर्घ अक्षराला सूर लांबवा, ऱ्हस्वाला लांबवलं की कानाला खटकतं आणि मुलं लिहितानाही दीर्घ लिहितात.

उदाहरण म्हणून गलतीकरांस पत्र 5:22-23 घेऊ, आत्म्याचं फळ. त्यात नऊ शब्दांची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नुसती पाठ करायला दिली की मुलं पहिले तीन धडाधड म्हणतात आणि मग ममता आधी की चांगुलपणा यात अडकतात, शेवटचे दोन तर हमखास गळतात. म्हणून तीन-तीनचे तीन गट करा आणि तिन्ही गटांना एकच चाल. केरवा ताल धरा, आठ मात्रा म्हणजे आठ ठोके. प्रत्येक शब्दाला चार मात्रा द्या, म्हणजे तीन शब्दांच्या झाल्या बारा, आणि उरलेल्या चार मात्रांत नुसत्या टाळ्या. असं तालाच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे दोन आवर्तनांत, एक गट बसतो. पहिला शब्द सा वर, दुसरा ग वर, तिसरा प वर, टाळ्या. परत तेच, परत तेच, फक्त शेवटच्या गटात "इंद्रियदमन" प वरून उतरत सा वर आणा म्हणजे संपल्यासारखं वाटेल. पहिल्या गटातले शब्द छोटे आहेत म्हणून सूर लांबतील, "सहनशीलता"ला तेच चार मात्रांत जरा पटपट बसवायचं, काही अडत नाही. टाळ्यांची जागा शब्दांवाचून मोकळी का ठेवली, तर त्या वेळात पुढचा गट आठवायला मुलांना उसंत मिळते. यादीच्या आधीचं "आत्म्याच्या द्वारे निष्पन्न होणारे फळ" आणि यादीनंतरचं वाक्य मात्र त्या धरलेल्या सुराच्या युक्तीने म्हणा, ते तालात कोंबायला जाऊ नका.

पट्टीचं, म्हणजे सा किती उंच धरायचा त्याचं, बोलायलाच हवं कारण घोटाळा सगळ्यात जास्त तिथे होतो. सात वर्षांच्या मुलाचा आवाज आपल्यापेक्षा वरचा असतो, पण पल्ला छोटा. पांढरी दोन, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, सा धरलात तर सा पासून ध पर्यंत मुलं आरामात जातात, त्याच्या फार खाली गेलं की पुटपुटतात, वर गेलं की किंचाळतात. भूप रागाचे पाच सूर, सा रे ग प ध, एवढ्यात बसतात आणि त्यात अर्ध्या सुराची अडचण कुठे नसल्याने बेसूर व्हायला वावही कमी. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या विचारांवर उभी राहिलेली मुलांना गाणं शिकवायची पद्धत आहे, तीही अशाच पाच सुरांवर भर देते आणि तिची सुरुवात बहुतेक ठिकाणी प–ग या उतरत्या जोडीपासून होते, म्हणजे लांबून कुणाला हाक मारताना आवाज आपोआप जसा खाली येतो तोच तो. तुमच्या घरी बाबा शिकवणार असतील तर त्यांना सांगा, त्यांचा खर्ज ऐकून पोरगी खाली उतरायला बघते आणि गुरगुरते, त्यांनी जरा वरून गावं नाहीतर सूर पेटीवरच द्यावा.

आणि संदर्भ! "गलतीकरांस पाच, बावीस तेवीस" हे चालीतच घाला, सुरुवातीला आणि शेवटीही. नंतर वेगळं पाठ करू म्हटलं की ते कधी होत नाही, मग मुलाला वचन येतं पण बायबलमध्ये सापडत नाही. हे आकडे मुळात सापडण्यासाठीच आले. जुन्या हस्तलिखितांत आत्ताचे वचनांचे क्रमांक नव्हते, नव्या करारात आपण वापरतो ते रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने 1551 च्या ग्रीक आवृत्तीत घातले. त्याने घातलेत तर आपण वापरूया.

प्रश्न : सिनेमातल्या गाण्याची चाल घेतली तर चालेल का? मुलांना ती आधीच पाठ असते, तुम्हीच म्हणता चाल ओळखीची हवी.

उत्तर : पकडलंत मला. पाठांतराच्या हिशेबाने चालेल, पण दोन अडचणी. एक म्हणजे त्या चालीला तिचे स्वतःचे शब्द चिकटलेले असतात आणि मुलं वचनाच्या मध्येच त्या गाण्यात घसरतात, मग हसू, मग वर्ग संपला. दुसरी हक्कांची. चाल कुणाच्या तरी मालकीची असते, वर्गात चार मुलांनी गुणगुणणं वेगळं आणि व्हिडिओ करून यूट्यूबवर चढवणं वेगळं, चढवायचं तर परवानगी लागते. आणि हो, वचनाच्या भाषांतरालाही हक्क असतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मूळ हिब्रू-ग्रीक मजकूर कुणाच्या खिशातला नाही पण आजचं भाषांतर प्रकाशकाचं असतं, सुरुवातीच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किती वचनं कशी छापता येतील. चाल लावून रेकॉर्ड करायचं तर प्रकाशकाला एक पत्र टाकून विचारा. फार जुन्या भजनांच्या, लोकगीतांच्या, पाळण्याच्या चाली घ्या, त्या ओळखीच्याही असतात आणि कुणी भांडायला येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा. गाताना एकही शब्द चुकत नाही. पण पाळकांनी विचारलं "योहान 3:16 सांग" तर गप्प. मग हळूच सुरुवातीपासून गुणगुणायला लागतो आणि मधल्या शब्दाशी पोचायला त्याला पूर्ण गाणं म्हणावं लागतं. हे पाठ झालं म्हणायचं का?

उत्तर : झालंय, पण गाण्याच्या दारानेच आत जाता येतं असं झालंय, दुसरं दार उघडून द्यायचं काम राहिलंय तुमचं. आणि खरं सांगू का, मला आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण बाकीचे सगळे गाणं कसं बसवायचं विचारतात, गाणं काढून कसं घ्यायचं कुणी विचारत नाही.

गाणं हे साखळीने आठवतं, प्रत्येक कडी पुढचीला ओढते, म्हणून मधूनच विचारलं की मूल अडतं. तर साखळी मुद्दाम तोडा. चाल पक्की झाली की तालावर नुसतं बोला, सूर काढून टाका, टाळी चालू. मग टाळी पण बंद. मग तुम्ही मध्ये थांबा, "त्याने आपला एकुलता एक..." आणि त्याच्याकडे बघा. मग उलटं, शेवट सांगून आधी काय विचारा. मग फक्त आकडा सांगा. मग एखादा शब्द मुद्दाम चुकवा, "सार्वकालिक"च्या जागी दुसरंच काहीतरी, मोठ्यांची चूक पकडायला मुलांना जो आनंद होतो त्याला तोड नाही.

आणि परत परत ऐकवण्यापेक्षा परत परत विचारा. रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा 2006 चा अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी बघितलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने बघितलं तर आठवून लिहिणारे पुढे. आपल्याकडे काय होतं, गाडीत वचनांची गाणी लावून ठेवतो, मुलं बरोबर गातात, आपल्याला वाटतं झालं पाठ. ते त्या पाच मिनिटांवालं पाठ असतं. गाणं बंद करून विचारायचं, आज, मग परवा, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडला तर लगेच शब्द सांगू नका, चालीचा फक्त सूर गुणगुणा, शब्द न उच्चारता. बहुतेक वेळा तेवढ्यावर येतो.

प्रश्न : यमक जुळवण्यासाठी वचनातले शब्द थोडे बदलले तर काय बिघडतं? अर्थ तोच राहतो की.

उत्तर : गाणं म्हणून काही बिघडत नाही, पाठांतर म्हणून बिघडतं. याला मोठी आणि चांगली परंपरा आहे हे आधी कबूल. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात सगळी दीडशे स्तोत्रं फ्रेंच पद्यात, यमकात बसवून 1562 पर्यंत पूर्ण झाली, मंडळीला एकत्र गाता यावीत म्हणून. इंग्रजीतही त्याच वर्षी दीडशेचा पूर्ण संच निघाला, त्यातल्या बऱ्याच स्तोत्रांना आठ-सहा-आठ-सहा अक्षरांची एकच मोजणी, त्यामुळे एक चाल कित्येक स्तोत्रांना लागायची. आणि आपल्या मराठीत तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं, पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तायन ओवीतच सुरू केलं आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हे सगळं सुंदर आहे. पण ते सांगणं आहे, वचन पाठ करणं नाही. मुलाने यमकवालं पाठ केलं आणि बायबल उघडून बघितलं तर शब्द वेगळे, मग त्याला वाटतं मीच चुकलो. शिवाय यमकाच्या हट्टापायी कुठला तरी भरतीचा शब्द येतोच, आणि मुलांना नेमका तोच लक्षात राहतो.

मधला रस्ता आहे, वचन जसंच्या तसं ठेवा आणि धृपदात तुमचं यमक करा. कडवं म्हणजे वचन, धृपद तुमचं. मुलांना दोन्ही वेगळं कळलं पाहिजे एवढं बघा, मी धृपदाला टाळ्या ठेवते आणि वचनाला हात खाली.

प्रश्न : आमच्या घरी एक भाषांतर, संडे स्कूलला दुसरं, शाळेत इंग्रजी. कुठलं पाठ करून घेऊ?

उत्तर : मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, वाचतात ते. एकच. दुसरं भाषांतर समजवायला वापरा, पाठ करायला नाही. दोन भाषांतरांतलं एकच वचन दोन चालींत शिकवलं की तिसरंच वचन तयार होतं, मी ऐकलंय.

प्रश्न : आमचे सासरे म्हणतात की ही नाचगाणी करून मुलं शब्दांशी खेळतात, अर्थ एकाला कळत नाही, आमच्या वेळी खाली मान घालून पाठ करायचो. त्यांचं चुकतं का? त्यांना उलट बोलता येत नाही म्हणून तुम्हाला विचारते.

उत्तर : पहिल्या अर्ध्यात चुकतात, दुसऱ्यात अजिबात नाही.

गाऊन लक्षात ठेवणं हे काही कालपरवाच्या संडे स्कूलचं खूळ नाही, हे त्यांना बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 31 वा अध्याय उघडून दाखवा, भांडण न करता, सहज वाचायला म्हणून. मोशेचा शेवट जवळ आलाय, आणि देव त्याला सांगतो की हे गीत लिहून घे, इस्राएल लोकांना शिकव, त्यांच्या तोंडी घाल. पुढे 21 व्या वचनात तर कारणही आलंय, की त्यांच्या संततीच्या तोंडून ते विसरलं जाणार नाही. गीत पुढच्याच अध्यायात आहे, 32 वा, आणि ते गोड गोड गीत मुळीच नाही, बऱ्यापैकी कडक आहे. यहुदी लोक हिब्रू शास्त्र सभास्थानात आजही सुरावर वाचतात, मजकुरात शब्दाशब्दाला त्यासाठीच्या खुणा असतात. स्तोत्र 119 बघा, 176 वचनं, हिब्रूच्या 22 अक्षरांचे 22 गट, प्रत्येक गटात आठ वचनं आणि ती आठही त्याच अक्षराने सुरू होणारी. आठवायला सोपं जावं अशीच ती मांडणी दिसते, निदान मला तरी तसं वाटतं.

पण अर्थाचं ते म्हणतात ना, तिथे मी त्यांच्या बाजूने. चाल लागली की वचन छोटं आणि चकचकीत होतं, आजूबाजूचं सगळं गळून जातं. यिर्मया 29:11, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन किती आनंदी चालीत ऐकलंय आपण. ते आहे कुठे, तर बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात, आणि त्याच्या आदल्याच वचनात लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्या कित्येकांच्या हयातीत नाही. फिलिप्पैकरांस 4:13 चं तसंच, "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे मुलं धावण्याच्या शर्यतीआधी म्हणतात, आणि ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात बसून सांगतोय की मला भरपूर असतानाही राहता येतं आणि कमी असतानाही. मुलांना हे सांगितलं तर कळतं, आठ वर्षांच्या मुलाला बंदिवान म्हणजे काय ते कळतं, आपणच त्यांना कमी समजतो.

म्हणून आधी गोष्ट, मग चाल. कोण कुणाला म्हणतोय, तेव्हा काय चाललं होतं, दोन मिनिटं. आणि चालही त्या प्रसंगाला धरून. प्रत्येक वचन टाळ्या-उड्यांचं नसतं, "येशू रडला" हे योहान 11:35 घ्या, मुलांना लहान म्हणून फार आवडतं, आणि मी ते उड्या मारत गाताना बघितलंय, मित्राच्या कबरेजवळचं वचन ते. सासऱ्यांनाच सांगा ना, वर्गात येऊन ती दोन मिनिटांची गोष्ट तुम्ही सांगा. अशी माणसं फार छान सांगतात, आणि स्वतः सांगितलेल्या गोष्टीवर मुलं गायला लागली की तक्रार अर्धी होते.

प्रश्न : ॲक्शन कराव्यात की नको?

उत्तर : कराव्यात, पण क्रियापदांना आणि नावांना, प्रत्येक शब्दाला नको. प्रत्येक शब्दाला हात हलवायचा म्हटलं की मूल हातच पाठ करतं. एका वचनात तीन-चार पुरे. इफिसकरांस 6 मधली शस्त्रसामग्री मात्र अपवाद, कंबर, छाती, पाय, ढाल, डोकं, तलवार, तिथे अंगानेच क्रम लक्षात राहतो, ॲक्शनशिवाय शिकवूच नका.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा झालाय, आता वचनाची गाणी गायला लाजतो, "बाळांची गाणी" म्हणतो. आवाजही फुटायला लागलाय. लहान बहीण गाते, हा कोपऱ्यात मोबाईल घेऊन. सोडून द्यावं का पाठांतर?

उत्तर : गाणं सोडा, पाठांतर नको. आवाज फुटताना वरचा सूर कधी लागेल कधी फाटेल याचा भरवसा नसतो आणि चारचौघांत फाटला तर त्या मुलाला जमिनीत जावंसं वाटतं, त्याला गा म्हणणं हा छळ आहे. त्याला ताल द्या. सूर नकोच, नुसतं तालावर बोलणं, रॅप म्हणा हवं तर, टेबलावर बोटं वाजवत. हिब्रू कवितेत एक गोष्ट दोनदा सांगायची सवय आहे, पहिल्या अर्ध्यात म्हटलेलं दुसऱ्या अर्ध्यात वेगळ्या शब्दांत परत, किंवा उलटून. नीतिसूत्रांमध्ये तर पानोपानी, नीतिसूत्रे 15:1 बघा, सौम्य उत्तराने राग निवतो, आणि लगेच दुसऱ्या अर्ध्यात, कठोर शब्दाने तो चेतवला जातो. सवाल-जवाबाला याहून तयार मजकूर कुठे मिळणार. पहिला अर्धा त्याने टाकायचा, दुसरा बहिणीने, मग अदलाबदल, मग वेग वाढवत.

आणि एक, त्याच्या हातात मोबाईल आहेच तर ठेका त्यालाच बनवायला सांगा, फुकटची ॲप्स असतात, बहिणीच्या वचनासाठी बीट करून दे म्हणावं. वचनाचे शब्द बीटवर बसवायला त्याला ते वचन पुन्हा पुन्हा म्हणून बघावं लागणार आहे, आणि ते कसं, हे तुम्ही त्याला सांगायचं नाही.